उलकान आपांची हाक

१६ जानेवारी

पाच जण आले! खुर्च्या मी भरपूर मांडून ठेवल्या होत्या. उरलेल्या पटकन भिंतीला लावून टाकल्या, म्हणजे रिकाम्या दिसायला नकोत. बाहेरच्या फळ्यावर आठवडाभर माझी जाहिरात आहे — ‘पासष्टीच्या पुढच्यांसाठी नाटकमंडळी. अनुभवाची गरज नाही.’ त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय — ‘दातांची आहे का?’

सांस्कृतिक भवनाचा हॉल म्हणजे नुसता बर्फ. शेगडीत कोळसा घातला की धूर आधी येतो, ऊब मागाहून. मी बिश्केकला शिकलेले श्वासाचे व्यायाम घ्यायला लागले. म्हटलं, आवाज घशातून काढायचा नाही, पोटातून काढायचा. जुमाश आके — जन्मभर ट्रॅक्टर चालवला, आता कानाला यंत्र लावतात — पोटावर हात ठेवून म्हणाले, “पदवीबाई, इथे सकाळचे तळलेले बोर्सोक बसलेत. तुमच्या आवाजाला जागा नाही.” तिघी म्हाताऱ्या हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. पण लागलंच जरा. आमच्या घरात आजवर कुणी शिकलं नाही एवढं शिकले, ते हेच ना शिकले मी!

पाचवी बाई शेवटपर्यंत दाराशीच उभी होती. डोक्याला पांढरा रुमाल, नमद्याचे बूट, त्यांवर चढवलेले रबरी गॅलोश. उलकान आपा. नातीला नाचाच्या वर्गाला सोडायला येतात म्हणे. सगळे गेल्यावर जवळ आल्या आणि हळूच विचारलं —

“पोरी, इथे मोठ्याने ओरडायला चालतं?”

“चालतं की आपा! नाटकात तर —”

“खूप मोठ्याने?”


१९ जानेवारी

काय लिहू!

आज प्रत्येकाला सांगितलं, नदीच्या पलीकडे तुमचा घोडा चरतोय असं समजा आणि त्याला बोलवा. जुमाश आके म्हणाले, माझा घोडा डिझेलवर चालायचा, हाकेला येत नसे. बाकीच्यांनी थोडंफार कुईकुई केलं. मग उलकान आपा उठल्या. रुमालाची गाठ सैल केली. दोन्ही तळवे तोंडाशी नेले.

असा आवाज मी ऐकला नव्हता. कधीच नाही, कॉलेजात नाही, मोठ्या नाट्यगृहात नाही. खिडकीच्या काचा वाजल्या. वरच्या मजल्यावर अकॉर्डियन शिकवणारे मास्तर जिन्यावर येऊन उभे राहिले. आणि बाहेर बाजाराच्या कडेला कुणाचा तरी घोडा बांधलेला होता — तो खिंकाळला! शपथ!

एकोणऐंशी वर्षांची बाई. माझ्या खांद्याला लागते जेमतेम.

जुमाश आकेंनी कानातलं यंत्र काढून सगळ्यांना दाखवलं. “वहिनी, हे बंद आहे सकाळपासून. आज मला यंत्राशिवाय ऐकू आलं.”

आपा पुन्हा रुमाल बांधत होत्या, आणि त्यांचा चेहरा मात्र आवाज चोरून आणल्यासारखा झाला होता.


२० जानेवारी

आईला सांगितलं. आई म्हणाली, “म्हाताऱ्या बाईला ओरडायला लावतेस? याला पदवी लागते?”


२६ जानेवारी

ठरलं. छापील नाटक करायचं नाही. त्यांच्याच गोष्टी जोडून करायचं. आज चहा ओतत ओतत एकेकाला विचारलं. जुमाश आकेंनी ट्रॅक्टर तळ्यात घातल्याची गोष्ट सांगितली, तिघींनी त्यांना प्रत्येक वाक्याला खोटं पाडलं.

आपांनी चहाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “माझ्याकडे एकच गोष्ट आहे.”

साठ वर्षांपूर्वीची. आपा नव्या नवरी. पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. काराबेल खिंडीपलीकडच्या कुरणावरून सामूहिक शेताच्या मेंढ्या खाली आणायच्या होत्या, आणि पाळी आपांच्या नवऱ्याची होती. पण थोरले दीर म्हणाले, “तू बायकोजवळ थांब. मी जातो.” त्या वर्षी बर्फ लवकर आला. मेंढ्या निम्म्या आल्या. दीर आले नाहीत. सापडलेही नाहीत — कधीच. चोविशीचा माणूस. लग्न नाही, मूल नाही, कबर नाही.

तिघींनीही वाट्या खाली ठेवल्या. जुमाश आकेंनी पण.

मी वही काढली. “आपा, त्यांचं नाव काय होतं?”

आपांनी रुमालाचं टोक तोंडावर धरलं. लाजल्या! एकोणऐंशीव्या वर्षी, नव्या नवरीसारख्या लाजल्या.

“मी त्या घरची सून, ग. थोरल्या दिरांचं नाव घेईन होय?”


२७ जानेवारी

काल रात्रभर राग राग झाला. साठ वर्षं! माणूस मेला, सासू-सासरे मेले, नवरा मेला, देशसुद्धा बदलला — आणि ही बाई अजून नाव घेत नाही!

मला माझं लहानपण आठवलं. आई मला घेऊन दवाखान्यात जायची. खिडकीतली बाई विचारायची, “घरमालकाचं नाव?” घर आजोबांच्या नावावर. आई मला कोपराने ढोसायची. मी टाचा उंचावून खिडकीत ओरडायची — “बेयशेकान!” आणि खिडकीतली बाई लिहून घ्यायची. वीज भरायला, पोस्टात, शाळेत, सगळीकडे मी. मी चार वर्षांची असल्यापासून आईची जीभ आहे. तेव्हा वाटायचं, आपण केवढ्या शहाण्या!

ही गुलामीच आहे, दुसरं काय. आणि रंगमंच कशासाठी असतो? ठरवलं — नाटकाच्या शेवटी आपा खिंडीकडे तोंड करून दिरांना हाक मारतील. नावाने. सगळ्या गावासमोर. खरं नाव नको, मी नाटकातलं देते — इशेन. म्हणजे त्यांना अडचण नको.


५ फेब्रुवारी

अडचण आहे.

इशेनचं काम जुमाश आकेंना दिलंय. शहात्तराव्या वर्षी चोविशीचे. टोपी तिरकी घातली की झालं, म्हणतात. त्यांना खिंडीकडे जायचं, म्हणजे पडद्यामागे, आणि तिथे गप्प उभं राहायचं. आपा पुढे येतात. सगळं सुरेख. तळवे तोंडाशी जातात. “ए —” आणि थांबतात.

“आपा, इशेन. नुसतं इशेन म्हणायचं. तुमच्या दिरांचं नाव नाही हे.”

“नाव कुठलंही असो. हाक तर मी त्यांनाच मारतेय ना?”



त्यात भर जुमाश आकेंची. मीच वैतागून आपांच्या ऐवजी “इशेऽऽन!” केलं, तर पडद्यामागून — “हो, आलो!”

“आके, उत्तर द्यायचं नाही. तुम्ही बर्फात गेलात.”

“वहिनी हाक मारते आणि मी गप्प बसू? मी काय असल्या घरचा वाटलो तुला?”


९ फेब्रुवारी

जुमाश आके पुन्हा “हो” म्हणाले.


१२ फेब्रुवारी

पुन्हा. आता तिघी म्हाताऱ्या पैज लावतात.


१३ फेब्रुवारी

घरी भांडण. आईला कुठून तरी कळलं, मी उलकान आपांकडून थोरल्या दिरांचं नाव घेववतेय. पीठ मळता मळता थांबली. “शरम नाही तुला? तुझ्या लग्नात मला काय ऐकावं लागेल!”

मी म्हटलं, “आई, नाव घेतल्याने काय होतं? आभाळ पडतं?”

“काही होत नाही. न घेतल्याने होतं.”

“काय होतं?”

आईने बोटांना लागलेलं पीठ खरवडलं. मग म्हणाली, “ते माणूस दर वेळी तुझ्यासमोर येऊन उभं राहतं. तू त्याला वळसा घालून जातेस. नाव घेतलं की झालं, संपलं — पाणी दे, मीठ दे, तसं.” आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

माझी आई! सहावीनंतर शाळा नाही. मी हे वहीत लिहून घेतलं आणि तिला दिसू दिलं नाही.


२० फेब्रुवारी

आपांचं पाठांतर बघून मी थक्क होते. बाकीच्यांना मी प्रॉम्प्टरच्या बिळातून शब्द सांगते — रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत चौकोनी भोक आहे, वर लाकडी टोपण, प्रेक्षकांना पाठ, नटांना तोंड. आत बसलं की डोळ्यांसमोर फक्त पाय. मला आता सगळ्यांचे पाय पाठ झालेत. जुमाश आके विसरले की डावी टाच उचलतात. आपांचे गॅलोश हलतच नाहीत. त्यांना एकदाही सांगावं लागलेलं नाही. फक्त त्या एका जागी त्या थांबतात, आणि तिथे मी सांगून उपयोग नाही.


२४ फेब्रुवारी

आज आपा तालमीआधी लवकर आल्या. मी शेगडी पेटवत होते. जवळ बसल्या, हात शेकत राहिल्या. मग बोलायला लागल्या, आणि मी कोळसा घालायचीच विसरले.

दीर आले नाहीत तेव्हा सगळी वस्ती खिंडीच्या तोंडाशी गेली होती. वारा इतका की शेजारचा दिसत नव्हता. सगळे हाका मारत होते. सासरे, सासू, नवरा, शेजारी — सगळे नावाने. म्हणजे ते वर कुठे वाट चुकले असतील तर आवाजाच्या रोखाने येतील.

“आणि माझा आवाज,” आपा म्हणाल्या. “तू ऐकलायस माझा आवाज. माहेरी मी दोन टेकड्यांपलीकडच्या घोड्या वळवत असे. त्या सगळ्यांत माझा आवाज मोठा होता, पोरी. मला ठाऊक होतं. नवऱ्यालाही ठाऊक होतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. पण तोही ‘मार हाक’ म्हणाला नाही आणि मीही मारली नाही. सासरे चार पावलांवर उभे. नवी सून, पोट पुढे आलेलं, रुमाल दातांत धरून उभी राहिले.”

मी म्हटलं, “नुसतं ‘ए’ तरी...”

“नुसतं ‘ए’ करायला ते काय घोडा होते? ते माझ्या नवऱ्याच्या जागी गेले होते.”

शेगडी विझत आली होती. त्यांनीच चिमट्याने निखारे हलवले.

“एवढंच. त्यांना ऐकू गेलं असतं का नसतं, ते देवाला ठाऊक. माझी हाक मारायची राहिली आहे. म्हणून विचारलं तुला, इथे ओरडायला चालतं का.”

आणि मी — मी याला गुलामी म्हणून मोकळी झाले होते. माझ्या हातात काय पडलंय आणि मी त्याच्याशी काय खेळत होते!

नंतर विचारलं, नाव आणखी कुणाला ठाऊक आहे? कुणालाच नाही. ती वरची वस्ती कधीच उठली, माणसं चारी दिशांना गेली. घरात नवरा त्यांना ‘दादा’च म्हणे, तेही क्वचित. सासूने त्या दिवसानंतर मुलाचं नाव उच्चारलं नाही, ‘माझा उंच’ म्हणायची. आपांच्या मुलांना ते ‘उंचकाका’ म्हणून ठाऊक. पोरं पाठ करतात त्या पूर्वजांच्या सात पिढ्यांत बापाचा बाप येतो, असा एकटा गेलेला काका येत नाही.

“मी गेले की ते नाव गेलं,” आपा म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात.

“मग मला लिहून द्या, आपा! आत्ता. या कागदावर.”

“जे तोंडाने नाही ते हाताने कसं? आणि कागद राहतो, ग. कुणाच्या तरी पायाखाली येतो.”


२५ फेब्रुवारी

शेवटचा प्रसंग काढून टाकू या, असं मी आज म्हटलं. आपांना छळायचं नाही मला.

आपा चिडल्या! पहिल्यांदाच. “ठेव तो. मी रोज तिथपर्यंत जाऊन परत येते. एक दिवस जाईन पलीकडे.”


११ मार्च

बुटांना नवे नमदे. तिघींनी मिळून शिवले. माझ्यासाठी बिळात घालायला एक जाड आसनही शिवलंय — वर लोकरीचं मेंढ्याच्या शिंगांचं नक्षीकाम! मी रडले. जुमाश आके म्हणाले, “पदवीबाई, ते बसायला आहे, पुसायला नाही.”


२० मार्च

उद्या नूरुझ, वसंतातलं नवं वर्ष. दुपारी प्रयोग. आपांची धाकटी नणंद अनारा आली आहे नारिन शहरातून. साठी ओलांडलेली, सोनेरी दात, मोठं हसू. आपांनीच वाढवलेली, “ही माझी पहिली लेक,” म्हणून ओळख करून दिली. दोघी हातात हात घालून हॉल बघून गेल्या.

आज तालमीतही आपा “ए —” वर थांबल्या.

देवा, उद्या त्यांना जाऊ दे पलीकडे.


२१ मार्च

सगळं नीट क्रमाने लिहायचंय. एकही गोष्ट सुटायला नको.

हॉल भरला. भरला म्हणजे खिडक्यांवरसुद्धा माणसं. नूरुझची खीर पिऊन सगळे थेट आलेले. पहिल्या रांगेत पांढऱ्या टोप्यांचे म्हातारे, मागे बायका, मांडीवर पोरं, पिशव्यांतून बोर्सोक. माझी आई पण आली! येणार नाही म्हणाली होती. मी बिळात, शिंगांच्या आसनावर.

ट्रॅक्टर तळ्यात गेला तेव्हा लोक इतके हसले की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. मग बर्फाचा प्रसंग. जुमाश आके टोपी तिरकी करून म्हणाले, “तू बायकोजवळ थांब. मी जातो.” आणि खरंच तरुण वाटले. कसं केलं त्यांनी ते? गेले पडद्यामागे. तिघी पाठमोऱ्या उभ्या राहून शोध घ्यायला लागल्या.

आपांचे गॅलोश पुढे आले. माझ्या नाकासमोर. मी मान वर केली. रुमालाची गाठ सैल झाली. तळवे तोंडाशी.

“ए —”

थांबल्या.

मी नेहमीप्रमाणे वाट बघितली. नुसता श्वास ऐकू येत होता वरून. मी हळूच म्हटलं, “इशेन.” काही नाही. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मग मागून एका बाईचा आवाज —

“अगं, ती विसरली नाही! सून आहे ती!”

“तर काय! थोरल्या दिराचं नाव कसं घेईल बिचारी?”

“घरातलं एखादं पोर नाही का तिच्या हाताशी? पोराला म्हणायला लावा!”

“असू दे, आपा! आम्ही म्हणतो तुमच्या वतीने! इशेन!”

“इशेऽऽन!” अर्धा हॉल ओरडला. पोरं तर खुर्च्यांवर चढली. आणि पडद्यामागून, खणखणीत, आनंदाने —

“हो, आलोऽ!”

हॉल कोसळला हसून. मी बिळात डोकं गुडघ्यांत घातलं. संपलं, म्हटलं. दोन महिने, आणि शेवटी तमाशा झाला त्यांच्या गोष्टीचा.

तेवढ्यात — “गप्प बसा सगळे!”

मी मान वळवून टोपणाच्या फटीतून बघितलं. तिसऱ्या रांगेत अनारा उभी होती. सोनेरी दात नाहीत, हसू नाही. गाल ओले.

“त्यांचं नाव इशेन नाही. ते कुणी नाटकातले नाहीत. माझे दादा आहेत ते. मी त्या घरची लेक आहे, मला चालतं.” आणि तिने खिंडीकडे, म्हणजे आमच्या रंगवलेल्या पडद्याकडे, तोंड करून हाक मारली — “शामेऽऽन!”

आवाज फाटला तिचा. आपांचे हात खाली आले. त्या अनाराकडे बघत राहिल्या, किती तरी वेळ. मला खालून त्यांची फक्त हनुवटी दिसत होती.

मग पहिल्या रांगेतला एक म्हातारा काठीवर उठला. “शामेन!” त्याच्या शेजारचा. मग बायका. मग सगळे — खिडक्यांवरचे, दाराशी उभे असलेले, माझी आई! कुणीही ओळखत नव्हतं त्या माणसाला. नाव त्याच क्षणी कळलेलं. आणि घरातलं माणूस हरवल्यासारखे सगळे हाका मारत होते. शामेन, शामेन, शामेन...

आणि त्या सगळ्यांच्या वर आपांचा आवाज उठला.

नाव नव्हतं त्यात. एकही अक्षर नव्हतं. नुसता आवाज, साठ वर्षं दातांत धरलेला. वरून माझ्या केसांवर टोपणाची धूळ पडली. हॉलमधल्या हाका एकेक करून थांबल्या, कारण त्या आवाजापुढे कुणाला काही करताच येईना. तो चालूच होता. कुठून आणत होत्या त्या एवढा श्वास! मग तो हळूहळू खाली आला आणि थांबला.

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. मीही. आता “हो, आलो” येणार, आणि हे सगळं पुन्हा हसण्यावारी जाणार.

आलं नाही.

शेगडीतला कोळसा खचल्याचं ऐकू आलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तळवे वर उचलले, मेलेल्यासाठीची दुआ पुटपुटले, आणि चेहऱ्यावरून फिरवले. मग अख्ख्या हॉलने. टाळ्या नाहीत. एकही टाळी नाही! आणि मला ते सगळ्यांत मोठं वाटलं.

नंतर पडद्यामागे गेले. जुमाश आके टोपी हातात घेऊन स्टुलावर बसले होते.

“आके, या वेळी तुम्ही उत्तर दिलं नाहीत!”

“पहिल्या वेळी दिलं ना.”

“आणि नंतर?”

“नंतरची हाक मला नव्हती,” म्हणाले, आणि कानातलं यंत्र रुमालाने पुसायला लागले.


२२ मार्च

आई सकाळी चुलीपाशी म्हणाली, “तुझं ते नाटक.” आणि लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.


२४ मार्च

नारिनहून बोलावणं आलं! अनारानेच तिकडे सगळ्यांना सांगितलं. एप्रिलअखेर प्रयोग. मी नवी जाहिरात तयार केली. वर मोठ्या अक्षरांत ‘शामेन यांच्या आठवणीस’. कबर नसलेल्या माणसाचं नाव आता भिंतीवर असेल, शहरात, सगळ्यांनी वाचावं असं. मला इतकं भरून आलंय! एक नाव वाचलं. आपल्या नाटकाने एक नाव वाचवलं. शिकून उपयोग काय, असं आता कुणी विचारलं तर हेच सांगेन.

आपांना दाखवली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

“सुंदर काढलीस,” म्हणाल्या, आणि माझ्या गालावर हात ठेवला.


२८ मार्च

आपा तालमीला आल्या नाहीत. नातीलाही दुसरंच कुणी सोडून गेलं.


२९ मार्च

आज आपा सकाळीच दारात. “चल. गाडी आणलीय.” चालवायला जुमाश आकेंचा जावई. आके पुढे बसलेले. रस्ता संपला तिथे ते दोघं गाडीतच थांबले. आम्ही दोघी चालत काराबेलच्या तोंडाशी गेलो. तिथे अजून गुडघाभर बर्फ.

“अनारा तेव्हा चार वर्षांची होती,” आपा म्हणाल्या. “शामेन म्हणजे ज्याने बातमी आणली तो मेंढपाळ. ‘शामेन आला, शामेन आला’ — त्या दिवशी घरभर तेच चाललं होतं. तेच तिच्या डोक्यात राहिलं.”

“आपा, मग तुम्ही तेव्हाच का नाही —”

“कशी सांगू? आणि सगळं गाव हाक मारत होतं, पोरी. चुकीच्या नावाने का होईना.”

मग त्यांनी काठीचं टोक बर्फात टेकवलं. एकेक अक्षर, सावकाश. कागद राहतो, म्हणाल्या, हे ऊन आलं की जाईल.

मी वाचलं. त्यांनी मान खिंडीकडे वळवली आणि मला कोपराने ढोसलं.

मी त्या घरची सून नाही.

“तोलोगोऽऽन!”

“घशातून मारलीस,” आपा म्हणाल्या. “पोटातून. पुन्हा.”